कोटणीस : पुस्तकातले आणि पडद्यावरचे

भुईकोट
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ख्वाजा अहमद अब्बास यांचं 'अँड वन डिड नॉट कम बॅक' एका मित्राकडून मिळालं, वाचलं. ते डोक्यात ताजं असतानाच व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिला. पुस्तक १९४४ चं, सिनेमा १९४६ चा, आणि सिनेमा त्याच पुस्तकावर बेतलेला. पटकथेलाही अब्बासच, जोडीला व्ही. पी. साठे. लिहिणारा हात एकच, तरी माझ्या मनात दोन वेगळे कोटणीस उभे राहिले.

पुस्तकात पाच डॉक्टर आहेत. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला मुंबईहून निघाले. चार परतले, एक राहिला. पुस्तकाच्या नावातच शेवट सांगून टाकलाय, त्यामुळे वाचताना 'पुढे काय' ही ओढ नसते. ओढ असते ती 'का राहिला' याची.

सिनेमा मात्र एका माणसाचा आहे. आणि शेवटी मरणाच्या दारातला तो माणूस बायकोला सांगतो, तू माझ्या घरी जाशील, तिथं तुला हे दिसेल, ते दिसेल. पडद्यावर ती सोलापूरला येते. तिथं मला रडू आलं आणि रागही आला. रडू का, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. राग याचा, की ज्यानं न परतणं पत्करलं त्याला शांतारामबापूंनी ओढून घरी आणलं. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी हा माणूस मागे फिरला नाही. मग त्याच्या शेवटच्या श्वासात घर का घालायचं?

माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही दोन्हींपैकी काहीही वाचलं किंवा पाहिलं असेल, तर तुम्हाला कोणते कोटणीस खरे वाटले?

शेंगाचटणी
काय ओ भुईकोट, सकाळी सकाळी रडवता का! सिनेमा लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला. आमच्या आजीनं शेवटाला पदर डोळ्याला लावला होता आणि म्हणाली होती, "पोरगी एवढ्या लांबून आली, तिला भाकरी तरी जमल का?" आमच्या घरात त्या सिनेमाची समीक्षा तिथंच संपली. :)

बाळीवेस
राग कसला त्यात? माणूस मरताना घरच आठवतो. त्याला बाप आठवेल, गल्ली आठवेल, उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेलं अंथरूण आठवेल. तिथं राहायचं ठरवलं म्हणजे इथलं पुसून टाकलं असं थोडंच असतं? शांतारामबापूंनी हे ओळखलं. मला तो शेवट शंभर टक्के खरा वाटतो.

जुनी_गिरणी
बाळीवेस, तुमचं म्हणणं भावनेला पटतं, पण घडलेल्या गोष्टी जरा समोर ठेवू. डिसेंबर १९४१ मध्ये चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा, ९ डिसेंबर १९४२ ला मृत्यू. वय अवघं ३२. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही त्या नावात. क्वो छिंगलान मागे चीनमध्येच राहिल्या. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, भारतात अनेकदा येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबाशी नातं शेवटपर्यंत जपलं, २०१२ मध्ये वारल्या. म्हणजे १९४६ मध्ये पडद्यावर सून सोलापूरला पोचली तेव्हा खरी सून तिकडे होती, पदरात चार वर्षांचं पोर घेऊन.

सिनेमा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण जिवंत माणसाचं उरलेलं आयुष्य त्याला न विचारता पडद्यावर लिहून टाकणं मला खटकतं.

रेशमीकाठ
मी माहेरची विजापूरकडची, घरी कानडी. लग्न होऊन सोलापुरात आले. हा सिनेमा मी सासरी आल्यावर पाहिला, आणि तुम्ही सगळे ज्या शेवटाबद्दल बोलताय तो मला तुमच्यासारखा दिसलाच नाही.

मला ती दिसली. नवरा नाही, मूल कडेवर, आणि ज्या घरात शिरायचं त्यातला एकही माणूस ओळखीचा नाही. घराची ओळख करून देणारा आवाज आहे, पण तो गेलेल्या माणसाचा. मी आले तेव्हा नवरा शेजारी उभा होता, तरी माप ओलांडताना पायाचा अंगठा इतका घट्ट आवळला होता की उंबऱ्यात अडखळले. तांदूळ सगळीकडे सांडले. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, बायका हसल्या, आणि ते शब्द मला समजले नाहीत. चांगलं बोलल्या की वाईट हे मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. नंतर कळलं, "घर भरलं बाई" असं म्हणाल्या होत्या.

त्यामुळे तिला सोलापूरला आणलं याचा मला राग नाही. राग याचा, की ती आल्यावर तिला काय वाटलं हे सिनेमाला विचारावंसं वाटलं नाही. अख्खा शेवट तो बोलतो. ती फक्त पोचते.

शेंगाचटणी
ताई, आजीचा प्रश्न मी हसण्यावारी नेत होतो. तुमचं वाचून आता तो वेगळाच ऐकू येतोय. तिनंही तीच बघितली होती.

भुईकोट
रेशमीकाठ, हे मला सुचलंच नसतं. धागा काढल्याचं सार्थक झालं. जाता जाता एक सांगतो, क्वो छिंगलान यांनी पुढे स्वतःच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्या शोधतोय.

होटगीरोड
सगळं ठीक, पण चाळिशी उलटलेले शांताराम सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या भूमिकेत! आणि जयश्रीबाई चिनी मुलगी! तेव्हा चालून गेलं असेल. मला आज ते बघवत नाही. मी अर्ध्यात बंद केला.

बाळीवेस
अर्ध्यात बंद केलेल्या सिनेमावर पूर्ण मत देऊ नका की ओ.
बाकी वेशभूषेबद्दल तुमचं मान्य. पण १९४६ सालात चिनी कलाकार आणणार कुठून? आणि वसंत देसाईंचं संगीत? ते तरी ऐकायचं.

होटगीरोड
संगीत ऐकलं. चांगलं आहे. सिनेमा तरी नाही बघवत. :)

सुई_आणि_टाका
मी परिचारिका आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमा पाहिलाय. मला त्यातल्या प्लेगपेक्षा जे पडद्याबाहेर घडलं ते जास्त मोठं वाटतं.

सिनेमात प्लेगवर उपाय शोधणं हा डॉक्टरांचा मोठा पराक्रम आहे, त्यांना स्वतःलाही तो आजार होतो. बघणाऱ्याला ते पटकन कळतं: एक शोध, एक विजय. पण १९४० च्या लढाईत ते ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया करत होते, आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, असं नोंदवलेलं आहे. हे मी वाचलं आणि माझे पाय दुखायला लागले. अतिशयोक्ती नाही. लांबलेली एक केस संपवून बाहेर आलं की आधी टाचा बोलतात, मग कंबर, मग मानेच्या मागची शीर. मोजे काढले की घोट्यावर रबराचा वळ उठलेला असतो, तो रात्रीपर्यंत जात नाही. तहान लागलेली असते पण पाणी प्यायलेलं नसतं, कारण मध्येच बाहेर जाता येत नाही. आणि हे सगळं एसी खोलीत, वर दिवा, हाताशी सामान, पुढच्या शिफ्टला दुसरी माणसं. तिकडे यातलं काय होतं? उत्तर चीनचा डोंगराळ मुलूख, थंडी, औषधांचा तुटवडा, शत्रू जवळ.

या कामात 'शोध' असं काही नसतं. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. सिनेमाला ते दाखवणं अवघड गेलं असेल, समजू शकते. पण माझे कोटणीस तिथले आहेत, टेबलाशी उभे असलेले.

गड्डायात्री
ताई, नतमस्तक. दुसरं काही लिहीत नाही.

विडीघरकुल
सुई_आणि_टाका यांच्याशी सहमत, आणि एक भर घालतो. ते नुसते शस्त्रक्रिया करत नव्हते. चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, शल्यचिकित्सेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. चीनमध्येच जखमींची सेवा करताना वारलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे संचालक झाले. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी. चार भाषांतून वाढलेल्या सोलापूरच्या पोराला पाचवी भाषा परकी वाटत नाही, हे मी छाती ठोकून सांगू शकतो. त्यांनी चिनी एवढ्या लवकर उचलली यात या गावाचाही थोडा वाटा असणार, असं मला मनापासून वाटतं.

जुनी_गिरणी
विडीघरकुल, गावाचा विषय काढलात म्हणून सांगतो. पुस्तक असो की सिनेमा, मला दोन्हींत सोलापूर कमी पडलं.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली, तेव्हा वीस वर्षांचे. ज्या गावानं हे सोसलं त्या गावचा मुलगा पुढं मुंबईत डॉक्टर होतो आणि परक्या देशावर आक्रमण झालं म्हणून तिकडं निघतो. गिरणीचे भोंगे, कामगारांचे मोर्चे, लष्कराचा पहारा, ही हवा त्याच्या छातीत असणारच ना? डॉक्टर पाठवा असं चिनी सेनापती झू दे यांचं नेहरूंना पत्र आलं, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते, लोकांकडून २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका जमली, हे सगळं आपण वाचतो. पण 'का गेला' याचं उत्तर मला तरी दिल्ली-कलकत्त्याइतकंच चार हुतात्मा चौकातही सापडतं.

बाळीवेस
+१. हे मात्र एकदम पटलं. यावर वेगळा धागा काढा.

ऑरेंजसिटी
मी नागपूरचा, नोकरीनिमित्त सोलापुरात. तुम्हा सगळ्यांचं कोटणीसप्रेम बघून आनंद होतो, पण आमच्या डॉ. चोळकरांचं नाव कोणी घेणार आहे की नाही? तेही गेले होते की. पाचांत वयानं सगळ्यात मोठे. पण परत आले, म्हणून सिनेमा निघाला नाही!

शेंगाचटणी
ऑरेंजसिटी, तुमच्यासाठी आजपासून घोषणा: चोळकरांचा सिनेमा झालाच पाहिजे! पहिल्या खेळाला शेंगा चटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

ऑरेंजसिटी
सावजी रस्सा माझ्याकडून. ठरलं.

भुईकोट
ऑरेंजसिटी, तुम्ही हसत म्हणालात, पण पुस्तक मला आवडण्याचं मोठं कारण हेच आहे. त्यात जाणारे सगळे आहेत. डॉ. अटल पथकाचे प्रमुख. डॉ. मुखर्जी आजारी पडून आधी परतले. डॉ. बसू कलकत्त्याचे. ते शेवटपर्यंत कोटणीसांच्या जवळचे, आणि परत आल्यावर त्यांच्याकडून अब्बासांना ही हकिकत मिळाली. याच बसूंनी पुढे भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं. परतलेल्यांनीही काम थांबवलं नाही. पाच जण एकत्र निघतात आणि वाटा हळूहळू वेगळ्या होतात, यात मला सिनेमाच्या नायकापेक्षा जास्त माणूसपण दिसतं.

डोणगाववाला
थोडं कडू लिहितो, राग नसावा. आमचे थोरले काका १९६२ ला सीमेवर होते. आमच्या घरात चीन म्हटलं की जेवण थांबायचं. त्यामुळे चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात, फोटो येतात, हे मला बघवायचं नाही. कोटणीसांबद्दल आदर आहे. पण त्यांचं नाव दोन्हीकडच्या सरकारांनी वापरून घेतलं असं वाटतं.

विडीघरकुल
डोणगाववाला, तुमच्या काकांना सलाम. तरी एक म्हणतो. कोटणीस गेले तेव्हा चीनमध्ये ते सरकारच नव्हतं. जपाननं गावं जाळलेली होती आणि डॉक्टर हवे होते. ज्यांच्या जखमा त्यांनी शिवल्या त्यांचा १९६२ शी काय संबंध?

डोणगाववाला
संबंध नाही, हे डोक्याला कळतं. घरात जेवण थांबलेलं आठवतं तेव्हा डोक्याचं चालत नाही. पण तुम्ही म्हणता ते मान्य करायला हवं. सिनेमा मी आजवर मुद्दाम टाळत आलो. या धाग्यामुळे बघेन.

गड्डायात्री
डोणगाववाला, बघितला की इथं नक्की लिहा. तुमचं मत मला सगळ्यात जास्त ऐकायचंय.

अपस्मारमित्र
नवीन सदस्य आहे, फक्त यासाठी खातं उघडलं. माझ्या धाकट्या बहिणीला अपस्मार आहे, लोक फिट येणे म्हणतात. कोटणीसांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला. मला हे कळलं तेव्हा ती शाळेत होती, आणि वर्गात झटका आला म्हणून शेजारची मुलगी जागा बदलून बसली होती. मी तिला भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकाजवळ नेलं आणि सांगितलं, या माणसालाही होतं. तो लढाईच्या धामधुमीत शस्त्रक्रिया करायचा, शिकवायचा, त्यानं लग्न केलं, बाप झाला. ती काही बोलली नाही. घरी येऊन त्यांच्यावर निबंध लिहिला आणि त्यात 'अपस्मार' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहिला. तोपर्यंत आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं, 'तिला तसं होतं' एवढंच म्हणायचे.

म्हणून मला वाटतं, सिनेमात प्लेगला एवढी मोठी जागा देण्यापेक्षा या आजाराला दिली असती तर कितीतरी घरांना आधार झाला असता. आजार असलेला माणूस एवढं काम करतो, यात कथा नाही का?

(झटका आला तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखाना.)

सुई_आणि_टाका
अपस्मारमित्र, कंसातलं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे अजूनही दात खिळलेत म्हणून चमचा घातलेले रुग्ण येतात, दात तुटलेले असतात. आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, हेही जोडते. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

रेशमीकाठ
तिनं तो शब्द लिहिला, हे वाचून मी बराच वेळ पुढचं वाचू शकले नाही.

होटगीरोड
मंडळी, मी सिनेमा पुन्हा लावला आणि पूर्ण पाहिला. शांतारामांचं वय अजूनही खटकतं, ते बदलणार नाही. पण शेवटाबद्दल लिहायचंय.

भुईकोट म्हणतात की न परतणाऱ्याला ओढून घरी आणलं. मला तसं वाटलं नाही. १९४६ साली हा सिनेमा बघायला कोण बसलं होतं? ज्यांची पोरं कुठल्या कुठल्या आघाडीवर जाऊन परत आली नव्हती अशी घरं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्या आईबापांना 'तो आला नाही' हे माहीतच होतं. त्यांना हवं होतं, तिकडून काहीतरी यावं. एखादी वस्तू, एखादं माणूस. शेवट त्यांच्यासाठी लिहिलाय, कोटणीसांसाठी नाही. रेशमीकाठ यांचा मुद्दा मात्र तरीही उरतोच, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाळीवेस
बघा, पूर्ण पाहिल्यावर किती चांगलं लिहिलंत!

जुनी_गिरणी
होटगीरोड, हा कोन माझ्या लक्षात आला नव्हता. माझी तक्रार थोडी मऊ झाली, गेली नाही. यिनहुआ डॉक्टरीचं शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला, चोविसाव्या वर्षी. पडद्यावरचं ते बाळ बघताना मला हे विसरता येत नाही, आणि मग पडद्यावरचं सोलापूर मला फार लवकर सुखावणारं वाटतं.

भुईकोट
होटगीरोड, तुमचं वाचल्यावर शेवट पुन्हा लावून पाहिला. बघणाऱ्यांसाठी तो आहे हे पटलं, त्यामुळे शांतारामबापूंवरचा राग आता नाही. पण मी विचारलं होतं कोणते कोटणीस खरे वाटले. माझं उत्तर पुस्तकातलेच. सिनेमा मला सोलापूर देतो, पुस्तक मला त्यांचा निर्णय देतं, आणि माणूस मला त्याच्या निर्णयात जास्त दिसतो. त्यात आता सुई_आणि_टाका यांचे टेबलाशी उभे असलेले कोटणीस आणि अपस्मारमित्र यांच्या बहिणीचे कोटणीस असे दोन आणखी आलेत, ते दोन्हीकडे नव्हते.

पुस्तक ज्यांना हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मित्राला विचारून फिरवू. इंग्रजी सोपं आहे, पानंही फार नाहीत. आधी रेशमीकाठ, मग सुई_आणि_टाका.

रेशमीकाठ
व्यनि केलाय. आणि क्वो छिंगलान यांच्या आठवणी सापडल्या तर त्या मला पुस्तकाच्याही आधी हव्यात.

डोणगाववाला
आज रात्री सिनेमा लावतोय. वडील पण बसतो म्हणालेत.